घराला आळं

(स्मृती व्याख्यानमालेच्या शेवटच्या पुष्पाचं शब्दांकन)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावाने चालते, त्यांनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवला. त्यांचं नाव माझ्यामागच्या पडद्यावर आहेच. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, आजही तसंच म्हणणार आहे. शाळेच्या गच्चीवर सरांनी एक पर्जन्यमापक ठेवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी बरोब्बर साडेआठला एकाने वर जायचं, नळीतलं पाणी मोजायचं आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. साडेआठच का, आठ किंवा नऊ का नाही, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "देशभरात सगळे त्याच वेळी मोजतात म्हणून. तुझा आकडा शेजारच्या आकड्याजवळ ठेवता आला नाही, तर तो घेऊन करायचं काय?"

दुसरी एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून घोटून घेतली होती. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लिटर पाणी होतं. एवढं लक्षात ठेवलं, तर पावसाचा कुठलाही हिशेब तोंडी करता येतो. आजचं व्याख्यान या दोन गोष्टींवरच उभं आहे. एक लिटरचा हिशेब आणि शेजारचा आकडा.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि तीस वर्षं पावसाळी गटारांची कामं केली. पडलेलं पाणी लवकरात लवकर दुसरीकडे पोचवायचं, हा आमचा धंदा. 'दुसरीकडे' म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न आमच्या नकाशाच्या कडेला संपायचा. कडेपलीकडे माणसं राहत, पण त्यांचा नकाशा दुसऱ्या टेबलावर असे. आता निवृत्त झाल्यावर त्या टेबलापाशी जाऊन बसायला मला वेळ मिळाला आहे.

गच्चीचं पाणी

आधी हिशेब करू. शंभर चौरस मीटरची गच्ची घ्या. तासाभराची एक बरी सर आली, २५ मिलिमीटर. सरांच्या नियमाने गच्चीवर २,५०० लिटर पाणी पडलं. दोनशे लिटरची साडेबारा पिंपं झाली. ही पिंपं तुमच्या गच्चीच्या पाइपातून तासाभरात खाली येतात, पेव्हर ब्लॉकवरून घसरत फाटकाबाहेर जातात आणि रस्त्यावर शेजारच्या साडेबारा पिंपांना मिळतात. गल्लीत वीस घरं असतील, तर कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीपाशी पन्नास हजार लिटर पाणी हजर होतं. रस्त्याचं आणि पार्किंगचं पाणी यात धरलेलंच नाही.

तिथे पूर्वी माळ असताना एवढाच पाऊस पडला असता तर? अमेरिकेतल्या सरकारी पुस्तिकांमध्ये एक ढोबळ मांडणी असते. झाडाझुडपांच्या जमिनीवर पडलेल्या पावसातला सुमारे दहावा हिस्सा वाहून जातो, निम्मा मुरतो आणि उरलेला पानांतून, मातीतून परत हवेत जातो. तीच जमीन तीन चतुर्थांशांहून जास्त झाकली गेली, की वाहून जाणारा हिस्सा निम्म्याच्या वर पोचतो. तिथला पाऊस आणि माती वेगळी, तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडे आणू नयेत. पण दिशा इथेही तीच आहे.

आमच्या धंद्यात यासाठी एक गुणांक असतो. पावसाचा वेग, जागेचं क्षेत्रफळ आणि हा गुणांक यांचा गुणाकार केला, की गटारात येणाऱ्या पाण्याचा अंदाज मिळतो. गुणांक अर्धा धरला, तर निम्मं पाणी जमीन सांभाळेल असं मानलं. एक धरला, तर सगळं पाणी गटारात येईल असं मानलं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी आणि गुणांक अर्धा, या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि गुणांक एक धरावा, असं सुचवलं. पाऊस दुप्पट धरला, ते समजण्यासारखं आहे. मला बोचतो तो दुसरा आकडा. मुंबईची जमीन आता पावसाचा थेंबही पोटात घेणार नाही, हे त्या दिवशी कागदावर मान्य झालं. अभियंता म्हणून तो आकडा बरोबरच होता. मीही पुण्यात तो वापरलेला आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस कुठल्याच गटाराच्या आवाक्यातला नसतो. पण आपल्या गल्ल्या तुंबायला तसा दिवस लागत नाही. साध्या वळवाच्या सरीनेही त्या तुंबतात. पुण्यात पावसाळ्यातल्या बहुतेक दिवशी पाऊस २५ मिलिमीटरच्या आतच असतो. या रोजच्या पावसाचं काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

आळं

आपण झाड लावतो तेव्हा पाणी घालण्याआधी बुंध्याभोवती आळं करतो. माती उकरून बशीसारखी खोलगट जागा करायची, कडेला मातीचा छोटा बांध घालायचा. कुणी शिकवावं लागत नाही. आळं नसेल तर घातलेलं पाणी वाहून जाईल, हे लहान मुलालाही कळतं. आणि आपल्या जुन्या परसात मोरीचं पाणी जिथे निघायचं, तिथे अळू, केळ नाहीतर कर्दळ असायचीच. त्या जागेला काही नाव नव्हतं. पाणी घराबाहेर पडलं, की कुणाच्या तरी मुळाशी जायचं, एवढीच रीत होती.

इंग्रजीत ज्याला 'रेन गार्डन' म्हणतात, ते घराला केलेलं आळं आहे. गच्चीचा पाइप गटाराकडे न नेता बागेतल्या एका उथळ खळग्याकडे वळवायचा. खळग्याचा तळ सपाट ठेवायचा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं पसरतं. खोली वीतभराहून थोडी कमी. उताराच्या बाजूला मातीचा बांध आणि त्या बांधाला एक सांडवा. आळं भरलं, की जास्तीचं पाणी तिथून गटारात जाईल. पाणी आत येतं तिथे दगड रचायचे, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे घळ पडते. माती सैल हवी. वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली. आकार किती? माती बऱ्यापैकी पाणी पिणारी असेल, तर गच्चीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी जागा पुरते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीला पंधरा चौरस मीटर. पंधरा सेंटीमीटर खोलीचा हा खळगा एका वेळी २,२५० लिटर पाणी धरतो, आणि पाऊस चालू असतानाच खालून मुरणंही सुरू असतं. मघाची साडेबारा पिंपं फाटकाबाहेर जात नाहीत.

हे तळं नव्हे, हे नीट लक्षात घ्या. पाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत मुरलंच पाहिजे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. दोन दिवसांत कोरडं होणाऱ्या आळ्यात त्याचं काही चालत नाही. तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत मात्र चालतं.

एका बिल्डरची काटकसर

ही कल्पना आजच्या रूपात आली १९९० मध्ये, अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत. डिक ब्रिंकर नावाचा बिल्डर सॉमरसेट ही नवी वसाहत बांधत होता. पावसाच्या पाण्यासाठी नियमाप्रमाणे मोठं साठवण तळं खोदायचं होतं. त्यात जागा आणि पैसा दोन्ही जाणार होतं. काउंटीच्या पर्यावरण खात्यातले लॅरी कॉफमन आणि तो, दोघांनी मिळून वेगळा विचार केला. एका मोठ्या तळ्याऐवजी घरोघरी तीनशे-चारशे चौरस फुटांचा एकेक खळगा करायचा आणि त्यात झाडं लावायची. पारंपरिक पद्धतीला सुमारे चार लाख डॉलर लागले असते, हे काम सुमारे एक लाखात झालं. घर घेणाऱ्याला अंगणात बाग मिळाली, बिल्डरचा पैसा वाचला. पर्यावरणाच्या प्रेमापोटी सुरू झालेल्या गोष्टींपेक्षा हिशेबातून सुरू झालेल्या गोष्टी टिकतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा ब्रिंकरची काटकसर मला या गोष्टीतली सर्वांत आश्वासक बाब वाटते.

पण सॉमरसेट नवी वसाहत होती. आपला प्रश्न बांधून झालेल्या गल्ल्यांचा आहे. त्यासाठी मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिलला जावं लागेल. मिनिआपोलिसच्या दक्षिणेचं हे उपनगर. तिथल्या क्रिस्टल लेकमध्ये रस्त्यांचं पाणी गटारांतून थेट जायचं. सोबत अंगणातली खतं, पालापाचोळा, पर्यायाने फॉस्फरस, आणि मग तळ्यात शेवाळ. २००३ साली नगरपालिकेने ५.३ एकरांच्या एका जुन्या वस्तीत १७ आळी केली. बहुतेक घरांच्या पुढच्या अंगणात, रस्त्याला लागून. रस्त्याच्या कडेचा कर्बस्टोन जागोजाग कापला आणि गटाराकडे निघालेलं रस्त्याचं पाणी वाटेतच या आळ्यांत वळवलं.

मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते त्यांचं मोजमाप. त्यांनी तशीच, तेवढीच दुसरी एक वस्ती निवडली आणि तिला हातही लावला नाही. दोन्ही वस्त्यांच्या गटारांतून बाहेर पडणारं पाणी आळी करण्याआधी मोजलं, केल्यानंतरही मोजलं. पाऊस दोन्हीकडे तोच. त्यामुळे 'यंदा पाऊसच कमी होता' ही आपली आवडती सबब उरली नाही. हात लावलेल्या वस्तीतून बाहेर जाणारं पाणी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटलं.

किती घरं पुरेशी?

इथे व्याख्यान थांबवलं, तर टाळ्या मिळतील. पण सर असते, तर त्यांनी दुसरा आकडा मागितला असता.

तो आकडा ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा आहे. शेफर्ड क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ आणि २००८ मध्ये एक वेगळाच लिलाव केला. उलटा लिलाव. तुमच्या अंगणात आम्ही आळं खोदू, पाइपाखाली पिंप बसवू, त्याची देखभालही करू. त्या बदल्यात तुम्हाला किती पैसे हवेत, ते सांगा. कमी मागणाऱ्यांना आधी घेऊ. सुमारे साडेतीनशे घरांना हे विचारलं. गंमत म्हणजे बऱ्याच बोल्या शून्य डॉलरच्या आल्या. लोकांनी अंगण फुकट दिलं. एकूण ८३ आळी आणि १७६ पिंपं बसली. तिसाहून अधिक टक्के घरं सामील झाली.

ओढ्याचं काय झालं? पाण्यात फरक पडला, मोजता येण्याइतका, पण लहान. ओढ्यातल्या जीवसृष्टीत म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही.

बर्न्सव्हिलला १७ आळ्यांनी गटाराचं जवळपास सगळं पाणी अडवलं आणि शेफर्ड क्रीकला ८३ आळी आणि १७६ पिंपं कमी पडली. असं का व्हावं? दोन कारणं मला दिसतात. बर्न्सव्हिलची आळी एकाच उतारावर, एकमेकांना लागून होती, आणि त्यांच्या तोंडाशी रस्ता होता. शेफर्ड क्रीकची विखुरलेली होती आणि मुख्यतः छपरांचं पाणी घेत होती. मधले रस्ते, वाहनतळ, सामील न झालेली घरं पूर्वीसारखंच पाणी ओढ्यात लोटत राहिली. दहा घरांपैकी तिघांनी पाणी अडवलं आणि सात जणांनी सोडलं, तर ओढ्याला सातांचंच राज्य दिसणार.

ही गोष्ट महाराष्ट्रात नव्याने शिकायची गरज नाही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणत आपण गावोगाव चर खणले, बांध घातले. या कामाचा पहिला धडा 'माथा ते पायथा' हा आहे. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करायची आणि खाली उतरत जायचं. मधलं एक शेत सोडलं, तर त्याच्या खालचा बांध फुटतो. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा ठरला तो घरातल्या माणसांवर. कुणाची जमीन किती, हे पाहिलं गेलं नाही. गावात आपण पाण्याचा लाभ वाटून घ्यायला शिकलो. शहरात पाण्याचं ओझं वाटून घ्यायचं राहिलं आहे. डोंगरउतारावरच्या आमच्या सहकारी सोसायट्यांमध्ये सहकार सगळा नावातच असतो. पाणी ज्याचं त्याने बाहेर काढायचं.

बॅलार्ड, आणि आमची सोसायटी

आता फसलेल्या गोष्टी. सिएटल हे शहर या कामात अग्रेसर मानलं जातं. तिथे २००१ मध्ये एका रहिवासी रस्त्यावर प्रयोग झाला. सरळ रस्ता मुद्दाम नागमोडी आणि अरुंद केला, कडेला झाडांचे खळगे केले. त्या रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी ९८ टक्क्यांहून अधिक घटलं. उत्साह वाढला. २०१० मध्ये त्याच शहराच्या बॅलार्ड भागात रस्त्याकडेला अशीच आळी केली. त्यातली काही भरली ती रिकामी होईचनात. घरापुढे दिवसेंदिवस डबकी. आई-वडील मुलांना जपू लागले, पाट्या लागल्या, सभा झाल्या. शेवटी महापालिकेला काही आळी बुजवावी लागली, काहींची दुरुस्ती करावी लागली. खालची माती पाणी पीत नव्हती आणि कामाच्या घाईत तिची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती.

हे वाचून मी हसलो असतो, पण मला हसण्याचा हक्क नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी आमच्या सोसायटीत आळं केलं. तीस वर्षांचा अनुभव पाठीशी, त्यामुळे माती तपासण्याची गरज वाटली नाही. इमारत बांधताना त्या कोपऱ्यात सिमेंटच्या गाड्या उभ्या राहायच्या. वर फूटभर काळी माती, खाली रोलरने दाबल्यासारखा मुरूम. जूनच्या दुसऱ्या पावसात आळं भरलं आणि पाच दिवस तसंच राहिलं. तळमजल्यावरच्या आजींनी सर्वसाधारण सभेत विचारलं, "काका, तुम्ही इंजिनिअर आहात ना?" ठराव होऊन आळं बुजवलं गेलं. माझ्या कारकिर्दीतला तो एकमेव ठराव, जो एकमताने मंजूर झाला.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या वर्षी शोधलं, आणि ते अगदी साधं आहे. जिथे आळं करायचं तिथे हातभर खोल खड्डा खणायचा. तो पाण्याने भरायचा आणि मुरू द्यायचा, म्हणजे माती भिजते. मग पुन्हा भरायचा, आत एक पट्टी उभी करायची आणि तासातासाने पाणी किती उतरतं ते लिहायचं. पंधरा सेंटीमीटर पाणी एका दिवसात मुरायला हवं, तर तासाला सहा मिलिमीटर उतरलं पाहिजे. वालुकामय माती याच्या तिप्पट-चौपट पाणी सहज पिते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा पहिला पाऊस गटागटा पिते. मग फुगते, भेगा बुजतात, आणि पुढे ती तासाला एखाद-दोन मिलिमीटरच घेते. पहिल्या पावसाला पाहून काळ्या मातीवर विश्वास ठेवू नये. अशा जागी आळं दोन बोटं खोल आणि पसरट करायचं, किंवा माती बदलून तळाशी खडी आणि छिद्रांचा पाइप घालायचा, म्हणजे न मुरलेलं पाणी सावकाश गटारात जातं. पाणी कमी झालं नाही तरी उशिरा पोचतं, आणि गटाराला उशीर फार मोलाचा असतो. गल्ली तुंबते ती सगळ्यांचं पाणी एकाच दहा मिनिटांत येतं म्हणून. कोकणातल्या जांभ्यावर हा त्रास नाही. तिथली जमीन पाणी पिते. देशावर मात्र फूटभर खाली काळा पाषाण लागला, तर नाद सोडावा.

आणखी दोन पथ्यं. घराच्या पायापासून दहा फुटांच्या आत आळं करू नये. आणि जिथे आधीच पाणी साचतं, ती जागा 'आयतीच खोलगट आहे' म्हणून निवडू नये. तिथे पाणी साचतं, कारण ते मुरत नाही.

झाडांची निवड आपल्याकडे मिनेसोटापेक्षा अवघड आहे. आपलं आळं चार महिने भिजतं आणि आठ महिने कोरडं पडतं. तलावाकाठची झाडं मार्चमध्ये मरतात, माळावरची जुलैत कुजतात. दोन्ही सोसणारी थोडी आहेत. वाळा उत्तम. त्याची मुळं खोल जातात आणि माती सैल ठेवतात. कर्दळ आणि अळू उन्हाळ्यात वरून मरतात, कंद जिवंत राहतात आणि मृगाला पुन्हा फुटतात. आपल्या आज्यांनी मोरीपाशी हीच झाडं का लावली, हे मला साठीनंतर कळलं.

पहिल्या पावसाचं पाणी

पावसाचं पाणी म्हणजे शुद्ध, असं आपण धरून चालतो. आभाळातून येताना ते बरंचसं असतंही. रस्त्यावर पडलं, की तेल, टायरची भुकटी, ब्रेकची धूळ, कुत्र्यांची घाण, सगळं घेऊन निघतं. पहिली सर सगळ्यात घाण.

सिएटलच्या ओढ्यांत शरद ऋतूत समुद्रातून कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला परत येतात. पाऊस झाला, की ते अंडी घालण्याआधीच तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०१५ मध्ये संशोधकांनी रस्त्यावरून वाहिलेलं पाणी गोळा केलं. त्यात सोडलेले मासे मेले. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून गाळून घेतलं, तेव्हा मासे जगले. मारेकरी कोण, हे तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी मातीने त्याला अडवलं. २०२० मध्ये त्याचं नाव कळलं. टायर लवकर चिरू नयेत म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन ते विष तयार होतं.

आपल्या मुठा नदीत सामन नाही. टायर आहेत. म्हणून एक सावधगिरी सांगतो. गच्चीचं पाणी गाळून बोअरवेलमध्ये सोडणं वेगळं आणि रस्त्याचं पाणी सोडणं वेगळं. रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्याला आधी मातीतून जाऊ द्या.

आळ्याची मर्यादा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीवरून मुठेला मिळणारा हा ओढा. त्या रात्री पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. घरोघरी आळी असती, तर हे टळलं असतं का? टळलं नसतं. तसा पाऊस पहिल्या काही मिनिटांतच सगळी आळी भरून टाकतो, आणि ओढ्याची वाट अडवून बांधलेल्या भिंती कुठल्याही बागेने सरकत नाहीत. ओढ्याला त्याची रुंदी परत देणं हे वेगळं काम आहे आणि ते शासनालाच करावं लागेल. आळ्यांचं नाव पुढे करून कुणी ते काम टाळत असेल, तर त्याला साथ देऊ नका.

आळं सांभाळतं ते वर्षातले उरलेले दिवस. रोजचं पाणी, रोजची घाण, रोजची तुंबलेली जाळी. या मर्यादेत राहिलं, तर ते चोख काम करतं.

गल्ली हेच एकक

मग करायचं काय? पुणे महापालिका पावसाचं पाणी जिरवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. चांगली गोष्ट आहे. पण सवलत घरागणिक आहे आणि शेफर्ड क्रीकने दाखवलं, की विखुरलेली घरं पुरत नाहीत. माझी सूचना अशी. एका जाळीला ज्या घरांचं पाणी मिळतं, तेवढा तुकडा हे एकक धरावं. त्यातल्या बहुतेक घरांनी पाणी वळवलं, तरच सगळ्यांना जास्तीची सवलत मिळावी. मग ज्याच्याकडे अंगण नाही, तो शेजाऱ्याच्या अंगणात आळं खणायला पैसे देईल. ज्याच्याकडे अंगण आहे, त्याला शेजाऱ्याचा पाइप आपल्या हद्दीत येण्याचा राग येणार नाही. आणि महापालिकेने रस्त्याच्या कडेचा कर्बस्टोन कापून द्यावा. झाडांच्या बुंध्याशी ओतलेलं सिमेंट फोडलं, तरी रस्त्याकडेला शेकडो आळी तयार आहेत. ती आपणच बुजवलेली आहेत.

देखभालीला खातं लागणार नाही. मृग लागण्याआधी घराची कौलं परतायची, पन्हळी साफ करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याच आठवड्यात आळ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा, वाळलेल्या कर्दळी छाटायच्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आमच्या सोसायटीत तीन वर्षांनी दुसरं आळं झालं. या वेळी खड्डा खणून, पट्टी लावून, दोन बोटं खोल, कोपरा बदलून. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. शेजारच्या सोसायटीने विचारपूस केली आहे. अजून खणलं नाही. त्यांची गच्ची आमच्याहून मोठी आहे आणि उतार आमच्याकडे आहे, म्हणजे त्यांचं पाणी अजून आमच्या फाटकावरूनच जातं. मी पावसात छत्री घेऊन तिथे उभा राहतो आणि कोपऱ्यावरच्या जाळीत दोघांचं पाणी मिसळताना पाहतो.

सरांनी आम्हाला पडलेलं पाणी मोजायला शिकवलं. आपल्याकडून निघून गेलेलं पाणी मोजायचं आम्ही शिकलो नाही, मी तर त्यासाठी नकाशाची कडही ओलांडली नाही. बर्न्सव्हिलच्या लोकांनी तेवढंच केलं. गटाराच्या तोंडाशी बसून दोन वस्त्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडले. आमच्या जाळीपाशी यंदा मी एक पट्टी रंगवून घेतली आहे. रोज साडेआठला आकडा लिहितो. शेजारच्या सोसायटीचा सचिव सकाळी फिरायला जाताना थांबून तो वाचतो. काल त्याने विचारलं, "यात आमचं किती?"